काळ्या वेष्टनातील कॅसेट

व्यापारी घरातील कर्ता पुरुष गेला की दोन प्रश्न एकाच वेळी उंबऱ्यावर येऊन उभे राहतात. पहिला दुःखाचा असतो आणि त्याचे उत्तर कोणाजवळच नसते. दुसरा दुकानाचा असतो आणि त्याचे उत्तर मात्र थोड्या दिवसांतच द्यावे लागते. देण्याच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत, उधारी गोळा करणारा माणूस गेला म्हणून उधारी आपोआप जमा होत नाही आणि गिऱ्हाईक फार काळ दुसऱ्या दुकानाची पायरी चढल्यावाचून राहत नाही. दुकान लवकर उघडले तर 'माया नव्हती' असे लोक म्हणतात. उशिरा उघडले तर 'पेढी बसली' असे तेच लोक म्हणतात. मोठी माणसे या दोहोंमधून वाट काढतात, कारण वाट काढण्याची त्यांना सवय असते. प्रश्न उरतो तो घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा. जवळ घेऊन रडू द्यावे इतका तो लहान राहिलेला नसतो आणि विचारात घ्यावे इतका मोठाही झालेला नसतो. त्याच्याशी कोणी काही बोलत नाही. तोही बोलत नाही.

इचलकरंजीतील अशाच एका मुलाला त्या वयात एका कॅसेटने आधार दिला. ती कॅसेट भजनांची नव्हती, नाट्यसंगीताची नव्हती. ती होती ऑस्ट्रेलियातील 'एसी-डीसी' या हार्ड रॉक बँडच्या 'बॅक इन ब्लॅक' या अल्बमची. विजेच्या गिटारींचा कर्कश गजर, ड्रमचा घणाघात आणि घसा फोडून गाणारा गायक, असे ज्या संगीताचे वर्णन घराघरांतील वडीलधारी मंडळी करतात, तेच हे संगीत. त्याचा आणि एका सूतव्यापारी कुटुंबाच्या दुःखाचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. तो संबंध समजण्यासाठी आधी ते घर आणि ते दुकान पाहावे लागेल.

दोघा भावांचे ते दुकान. थोरले अण्णा, धाकटे आप्पा. इचलकरंजी हे यंत्रमागांचे गाव. तेथे गल्लोगल्ली मागांची खडखड रात्रंदिवस चालू असते आणि त्या मागांना सूत पुरवणाऱ्या पेढ्यांपैकी ही एक. अण्णा पुढे गादीवर बसत. गिऱ्हाईक आले की त्याच्या घरची विचारपूस, कापडाच्या भावाची चर्चा, चहा आणि मग सौदा, हा त्यांचा क्रम. आप्पा मागे गोदामात असत. पोती मोजणे, सुताचा काउंट तपासणे, हातगाडीवाल्यांना मार्गी लावणे आणि रात्री रोजमेळ लिहिणे हे त्यांचे काम. आप्पांचा आवाज गिऱ्हाइकांनी क्वचितच ऐकलेला असे. बाजारात पेढी ओळखली जाई ती अण्णांच्या नावाने. परंतु पेढीचा हिशेब एका पैशाने चुकत नसे तो आप्पांमुळे. ही वाटणी कोणी ठरवून केलेली नव्हती. दोन भावांच्या दोन स्वभावांतून ती आपोआप झाली होती आणि वीस वर्षे सुखाने चालली होती.

१९९४ च्या जुलै महिन्यात अण्णा गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही ते पोहोचले नाहीत. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. नुकताच अकरावीला वाणिज्य शाखेत दाखल झाला होता. सुतकाचे बारा दिवस दुकानाचे पुढचे दार बंद राहिले. मागचे दार मात्र पाचव्या दिवशीच उघडले होते, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. सूत संपल्याने काहींचे माग थांबण्याच्या बेतात होते. माग थांबला तर कामगारांचा आठवड्याचा पगार थांबणार होता. आप्पांनी पोती मोजून गाडीवर चढवली. तेराव्या दिवशी पुढचे दारही उघडले आणि आप्पा जाऊन बसले ते अण्णांच्या जागेवर, अण्णांच्याच तक्क्याला टेकून.

मुलाला ते सहन झाले नाही. आप्पांना दुसरी जागा घेता आली असती, निदान महिनाभर ती जागा मोकळी ठेवता आली असती, असे त्याला वाटत राहिले. टेलिफोन, पेटी आणि बिलबुके सारे त्याच कोपऱ्यात होते, ही व्यावहारिक अडचण त्याला दिसत नव्हती. त्याला फक्त एवढेच दिसत होते की माणूस जाऊन पंधरवडाही झाला नाही आणि त्याची जागा भरून निघाली. तो दुकानात जाईनासा झाला. आप्पांनी हाक मारली तर 'हो', 'नाही' यापलीकडे उत्तर देईना. आई म्हणे, "आप्पांशी नीट बोलत जा रे. तेही मनातून खचलेत." मुलगा ऐकून घेई, परंतु आप्पा खचल्याचे त्याला कुठे दिसत नव्हते. आप्पा तर रोज सकाळी नऊ वाजता दुकान उघडत होते.

त्या दिवाळीत त्याचा आतेभाऊ पुण्याहून आला. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि वसतिगृहातील मुलांच्या संगतीने त्याला पाश्चात्त्य संगीताचे वेड लागले होते. मुंबईच्या काळा घोडा भागातील 'ऱ्हिदम हाऊस'मधून आणलेल्या दोन-चार कॅसेट त्याच्या पिशवीत होत्या. त्यांतील एकीचे वेष्टन संपूर्ण काळे होते. चित्र नाही, गायकांचे छायाचित्र नाही. काळ्यावर करड्या रेषेत काढलेली अक्षरे तेवढी. मुलाने विचारले, "दादा, हिच्यावर चित्र का नाही?"

आतेभाऊ म्हणाला, "यांचा गायक वारला होता. म्हणून काळे."

एवढ्या एका वाक्याने ती कॅसेट त्या मुलाची झाली.

आतेभावाने सांगितलेली हकीकत थोडक्यात अशी. यंग नावाचे एक कुटुंब १९६३ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो सोडून ऑस्ट्रेलियात सिडनीला आले. आठ भावंडांतील धाकट्या दोघांनी, माल्कम आणि अँगस यांनी, १९७३ मध्ये बँड काढला. बँडचे नाव सुचवले बहीण मार्गारेट हिने; शिवणयंत्रावर विजेच्या प्रवाहासंबंधी लिहिलेली अक्षरे तिने पाहिली होती. अँगसने शाळेच्या गणवेशात रंगमंचावर उभे राहावे, ही कल्पनाही तिचीच. थोरला भाऊ जॉर्ज स्वतः नावाजलेला संगीतकार होता. त्याने एका सहकाऱ्यासह या दोघांचे सुरुवातीचे अल्बम घडवले. थोडक्यात, हा बँड म्हणजे एका कुटुंबाची पेढीच होती. १९७४ मध्ये बॉन स्कॉट नावाचा गायक तिच्यात आला आणि पुढील साडेपाच वर्षे बँडचा आवाज म्हणजे स्कॉटचा आवाज, असे समीकरण झाले. १९७९ च्या अल्बमने त्यांना अमेरिकेच्या यादीत प्रथमच पहिल्या वीसमध्ये नेले. इतक्या वर्षांचे कष्ट फळाला येऊ लागले होते, आणि १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये स्कॉटचा मृत्यू झाला. रात्री अतोनात मद्यपान करून तो एका मोटारीत झोपला, तो पुन्हा उठला नाही. वय अवघे ३३.

दोघा भावांपुढे प्रश्न उभा राहिला की आता बँड बंद करायचा की चालवायचा. काही दिवस गेल्यावर माल्कमने धाकट्या भावाला फोन करून बोलावले. नुसते बसून झुरण्यापेक्षा हाती घेतलेल्या चालींवर काम करू, एवढेच त्याचे म्हणणे होते. स्कॉटच्या अंत्यविधीच्या वेळी त्याच्या वडिलांनीच, तुम्ही थांबू नका, दुसरा गायक शोधा, असे सांगितल्याचे बंधूंनी पुढे नमूद केले आहे. एप्रिलच्या आरंभी ब्रायन जॉन्सन हा इंग्लंडच्या ईशान्य भागातील गायक त्यांना मिळाला. त्याचा पूर्वीचा बँड मोडला होता आणि तो मोटारींच्या छतावर विनाईलचे आच्छादन बसवण्याचा लहानसा धंदा करीत होता. विशेष असे की स्कॉटने पूर्वी केव्हातरी या जॉन्सनचे गाणे ऐकून बंधूंजवळ त्याची प्रशंसा केली होती. एप्रिल आणि मे महिन्यांत बहामा बेटांवरील नासाऊ येथे निर्माता रॉबर्ट जॉन लँग याच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रण झाले आणि २५ जुलै १९८० रोजी अल्बम बाजारात आला. मुखपृष्ठ पूर्ण काळे असावे हा आग्रह बँडचा होता. कंपनीला ते पसंत नव्हते. अक्षरांभोवती करडी कड ठेवण्याच्या अटीवर तिने मान्यता दिली.

व्यापाऱ्याच्या मुलाने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर दिवस मोजले. ज्या हाताने उधारीचे दिवस मोजतात त्याच हाताने. १९ फेब्रुवारी ते २५ जुलै. वर्ष लीपचे, म्हणून फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा. एकूण १५७ दिवस. माणूस जाऊन १५७ दिवसांत त्यांनी नवा गायक आणला, दहा गाणी रचली, मुद्रित केली आणि दुकानात विकायलाही ठेवली. आप्पांवर जो राग त्याने धरला होता, तोच राग या परक्या माणसांवर धरायला हवा होता. परंतु समोर काळे वेष्टन होते. ज्यांना दुःख नव्हते त्यांनी ते काळे कशाला ठेवले असते? आपल्याकडे शोकाचा रंग पांढरा, त्यांच्याकडे काळा, इतकाच फरक.

कॅसेट ऐकण्याची जागा त्याने निवडली ती गोदामाची. घरात आजीची पोथी आणि धाकट्या बहिणीचा अभ्यास. तेथे हा गजर चालण्यासारखा नव्हता. गोदामात मात्र छतापर्यंत सुताची पोती रचलेली असत आणि सूत आवाज शोषून घेते. टेपरेकॉर्डर कितीही मोठा केला तरी दाराबाहेर फारसे ऐकू जात नसे. शिवाय बाहेर मागांची खडखड होतीच. तेथे पोत्यांच्या मधल्या बोळात बसून तो रोज सायंकाळी ती कॅसेट ऐके. एका बाजूला पाच गाणी, दुसऱ्या बाजूला पाच; सारी मिळून सुमारे बेचाळीस मिनिटे.

पहिल्या गाण्याची सुरुवात घंटेने होते. ही घंटा ध्वनिपेटीतून काढलेली नव्हती. इंग्लंडमधील लफबरो येथे जॉन टेलर यांचा घंटा ओतण्याचा जुना कारखाना आहे. तेथे बँडसाठी सुमारे नऊशे किलो वजनाची घंटा ओतवून घेतली गेली आणि तिचा नाद कारखान्यातच मुद्रित करण्यात आला. देवळात प्रवेश करताना आपण घंटा वाजवतो, ती जागे होण्यासाठी आणि जागे करण्यासाठी. इंग्लंडमधील चर्चमध्ये मात्र माणूस गेल्याची वार्ताही घंटेनेच देण्याची रीत होती. एक ठोका, मग शांतता, मग पुन्हा एक ठोका. कॅसेटवरील घंटा ही अशी होती. मुलाच्या घरी जुलैपासून खूप बोलणे झाले होते. समाचाराला येणारे सगळे बोलत. अण्णा कसे देवमाणूस होते, कसे अचानक गेले, देवाची इच्छा. त्या सगळ्या बोलण्यात जे मिळाले नव्हते ते त्याला त्या संथ ठोक्यांत मिळाले. तेथे कोणी समजूत काढत नव्हते. कोणी गेले आहे, एवढेच ती घंटा सांगत होती, आणि मग तिच्याच खालून गिटार हळूहळू सुरू होत होती.

दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे म्हणजे अल्बमला नाव देणारे गाणे. त्यातील गिटारची चाल प्रसिद्ध आहे. ती सलग वाजत नाही. एक आघात, मग पोकळी. दोन आघात, पुन्हा पोकळी. पोकळीत फक्त झांजेची टिकटिक चालू राहते. गिटार थांबते, परंतु लय थांबत नाही. मुलाला संगीतशास्त्र येत नव्हते, तरी ही गोष्ट त्याला नेमकी कळली, कारण तो मागांच्या गावात वाढला होता. धोटा एका टोकाला पोहोचून परत फिरण्यापूर्वी निमिषमात्र थांबतो. त्या थांबण्याला विणकर घाबरत नाही. मधली जागा रिकामी असते म्हणून कापड तुटत नाही.

आणखी एक गोष्ट त्याला हळूहळू ऐकू येऊ लागली. अँगसची गिटार पुढे नाचत, उसळत असे. टाळ्या तिला मिळत. तिच्या मागे दुसरी एक गिटार होती, ती कोठेही न मिरवता तेच तेच सूर तितक्याच नेमकेपणाने वाजवीत राही. ती माल्कमची. आतेभाऊ म्हणाला होता की रंगमंचावरही तो मागे, ड्रमच्या जवळ उभा राहतो, आणि बँडचे बहुतेक निर्णय तोच घेतो. ही मागची गिटार कानांनी वेगळी काढता येऊ लागली, त्या दिवशी मुलाला पहिल्यांदा आप्पा आठवले ते रागावाचून. मागे राहून पोती मोजणारा माणूस. अण्णांच्या वाटणीच्या टाळ्या त्याने वीस वर्षे ऐकल्या होत्या, आणि आता त्याला एकट्याला पुढे येऊन बसावे लागले होते. गिऱ्हाइकाशी काय बोलावे हे त्याला येत नव्हते. चहा मागवायचे तो विसरत असे. परंतु दुकान रोज उघडत होते.

नव्या गायकाचेही असेच. जॉन्सनचा आवाज स्कॉटसारखा नाही. तो अधिक उंच पट्टीचा, अधिक खरखरीत आहे. गेलेल्या माणसाची नक्कल करून लोकांना रिझवणे त्याला कदाचित शक्य झाले असते. त्याने ते केले नाही. पुढे कार्यक्रमांतून तो स्कॉटची जुनी गाणी गात राहिला, परंतु स्वतःच्या आवाजात. एखाद्याच्या जागेवर बसणे आणि त्याची जागा घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाला कोणी शब्दांत सांगितले असते तर पटले नसते. गोदामातील त्या बेचाळीस मिनिटांत ते आपोआप झिरपत गेले.

१९९५ च्या मे महिन्यात सुटी लागली आणि आईने त्याला दुकानात पाठवले. मार्चअखेरची खतावणी मागे पडली होती. दिवाणजींची दृष्टी अधू झाली होती आणि लिहायला हात हवा होता. मुलगा रोजमेळावरून खाती उतरवून घेऊ लागला. पाने उलटता उलटता त्याच्यासमोर एक खाते आले, अण्णांच्या नावाचे. ते बंद झालेले नव्हते. जुलैनंतरही त्यावर नोंदी होत्या. वर्षाच्या नफ्याचा निम्मा वाटा, पूर्वीप्रमाणेच, त्या नावावर जमा होता. आणि नावे बाजूला होता घरखर्च, आईच्या हाती दिलेल्या रकमा आणि त्याच्या स्वतःच्या कॉलेजची फी. सगळ्या नोंदी आप्पांच्या बारीक, किंचित डावीकडे झुकलेल्या अक्षरांत होत्या. काम सगळे आप्पांनी एकट्याने केले होते. वाटा दोघांचा लागला होता. याविषयी आप्पा आईशी बोलले नव्हते, आजीशी बोलले नव्हते, कोणाशीच बोलले नव्हते. त्यांनी ते फक्त लिहिले होते.

त्या सायंकाळी दुकान वाढवताना गोदामातून आवाज येत होता, म्हणून आप्पा आत आले. मुलाने टेप बंद करण्यासाठी हात पुढे केला.

"राहू दे," आप्पा म्हणाले. ते एका पोत्यावर बसले आणि गाणे संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठोका चुकत नाही याचा. माग चांगला लागल्यासारखा चालतो."

मुलाने त्यांना सगळी हकीकत सांगितली. दोघे भाऊ, गेलेला गायक, १५७ दिवस, काळे वेष्टन. गेल्या दहा महिन्यांत तो आप्पांशी एका वेळी इतके बोलला नव्हता. आप्पांनी सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

"गेला त्याच्या घरच्यांना वाटा मिळाला का?"

मुलाजवळ उत्तर नव्हते. आप्पा उठले, "विचार कोणाला तरी," म्हणाले आणि कुलूप आणायला गेले.

त्या प्रश्नाचे उत्तर मुलाला पुढे अनेक वर्षांनी मिळाले. १९७४ पासून १९७९ पर्यंतच्या ज्या गाण्यांवर यंग बंधूंसह स्कॉटचे नाव गीतकार म्हणून आहे, ते नाव कायम राहिले, आणि गीतकाराचा हक्क कायद्याने त्याच्या वारसांकडे जातो. 'बॅक इन ब्लॅक'ची लोकप्रियता जसजशी वाढली तसतसे श्रोते मागे वळून स्कॉटची जुनी गाणीही घेऊ लागले. केवळ अमेरिकेत या अल्बमला अडीच कोटी प्रतींचे प्रमाणपत्र २०१९ मध्ये मिळाले. जगभरातील विक्रीचा अंदाज पाच कोटींच्या घरात सांगितला जातो. पेढी चालू राहिली, म्हणून गेलेल्याचे खातेही चालू राहिले. आप्पांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली. व्यवहार नीट झाला, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता.

या अल्बमच्या नावाविषयी एक गंमतही येथे सांगण्यासारखी आहे. इंग्रजी जमाखर्चात तोटा तांबड्या शाईने आणि नफा काळ्या शाईने लिहिण्याची पद्धत होती. त्यामुळे एखादी पेढी 'काळ्यात' आहे म्हणजे ती नफ्यात आहे. बँडच्या मनात काळ्याचा अर्थ शोकाचाच होता. परंतु लाल कापडात बांधलेल्या चोपड्यांची दिवाळीला पूजा करणाऱ्या घरातील मुलाला हा दुसरा अर्थ वाणिज्याच्या वर्गात कळला, तेव्हा तो मनाशीच हसला. अण्णा गेल्यानंतरचे ते त्याचे पहिले हसणे असावे, असे आई सांगते.

या हकीकतीची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. तो मुलगा मराठी शाळेतून आलेला. गाण्यांचे इंग्रजी शब्द त्याला प्रारंभी कळत नव्हते. पुढे कळू लागले तेव्हा ध्यानात आले की त्यांतील कित्येक गाणी केवळ देहाच्या आकर्षणाची आहेत आणि एक तर सरळ मद्यपानाचे आमंत्रण देणारे आहे. ज्यांचा सोबती मद्यानेच गेला त्यांनी त्याच अल्बमवर असे गीत घालावे, ही विसंगती आहे, आणि तिच्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. त्या मुलाने पुढे आयुष्यात मद्याला कधी हात लावला नाही. त्याच्या लेखी, त्या अल्बममधील सगळ्यांत मोठा उपदेश कोणत्याही गीतात नव्हता. तो स्कॉटच्या ३३ या वयात होता. संगीतातून काय घ्यावे आणि काय टाकावे, हे ऐकणाऱ्याच्या हाती असते. बाजारात गेलेला शहाणा व्यापारी सगळा माल उचलत नाही. पारखून हवा तोच घेतो. मुलांच्या हातातील कॅसेट काढून घेण्यापेक्षा त्यांना पारख शिकवणे अधिक अवघड आहे, परंतु टिकाऊ तेच आहे.

कानांविषयीही असेच. ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये श्रवणशक्ती धोक्यात आल्याने दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. काही वर्षांनी तो परतला. मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या कामगारांना हे दुखणे नवे नाही. पुढे संसारी झालेला तो मुलगा आज हा अल्बम ऐकतो, तो बेताच्या आवाजात.

माल्कम यंगची अखेर मात्र त्याला फार लागली. ज्या माणसाची लय कधी चुकली नाही त्यालाच स्मृतिभ्रंश झाला. स्वतः रचलेल्या चाली त्याला कार्यक्रमापूर्वी पुन्हा पुन्हा घोकाव्या लागत. २०१४ मध्ये त्याने बँड सोडला. त्याच्या जागी उभा राहिला पुतण्या स्टीव्ही यंग. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी माल्कम गेला; वय ६४. थोरला भाऊ जॉर्ज त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच गेला होता. उरलेल्या मंडळींनी २०२० मध्ये नवा अल्बम काढला आणि तो माल्कमला अर्पण केला. मागची गिटार तीच चाल वाजवत होती. हात पुतण्याचे होते.

इचलकरंजीच्या त्या पेढीवरही आता पुतण्याच बसतो. आप्पांचे वय झाले आहे; ते सकाळी दोन तास येतात, वर्तमानपत्र वाचतात आणि मधूनच एखाद्या पोत्यावरील काउंट वाचून दाखवायला सांगतात. बाजारातील सूत बदलले, माग बदलले, कॅसेट तर केव्हाच गेल्या. टेपरेकॉर्डर मोडीत निघाला, तरी काळ्या वेष्टनातील ती कॅसेट दुकानाच्या पेटीत, जुन्या किल्ल्यांच्या शेजारी पडून आहे. तिची फीत आता वाजण्यासारखी राहिलेली नाही.

काही वर्षांपूर्वी एक तरुण यंत्रमागधारक दुकानाच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. वडील जाऊन त्याला चारच दिवस झाले होते. आठ मागांचे सूत संपत आले होते, कामगार घरी पाठवणे भाग होते आणि सुतकात माल उचलला तर भाऊबंद काय म्हणतील या विचाराने त्याला तोंड वर करवत नव्हते. पेढीवरील त्या माणसाने त्याला काहीही विचारले नाही. "तू घरी आईजवळ बस," तो म्हणाला, "पोती मी पोहोचवतो. माग थांबवू नकोस." त्याने पाच पोती गाडीवर चढवली आणि रोजमेळ उघडला. नोंद कोणाच्या नावे करायची, असे दिवाणजींनी विचारले, तेव्हा त्याने क्षणभरही विचार न करता गेलेल्या वडिलांचे नाव सांगितले. जे खाते चालू आहे त्यावरच लिहा, असे तो म्हणाला.